सोळा सुरांचा श्वास

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. हे माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलं. तिने सांगितलं तसं सांगते.

आणि रात्र-बित्र काही नव्हती. मंगळवार होता. भर दुपारचे पावणेदोन.

चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. आतल्या खोलीत वहिनीची सात महिन्यांची ढमी झोपलेली. बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर, वहिनीचा सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, विजेवर तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढणारं वाद्य.

कॉलेजात असताना वहिनी सिंथवर गाणी करायची. कॉम्प्युटरवर नाही, खऱ्या मशीनवर. बटणं, खुंट्या, केबल्सचं जंजाळ. मग सगळं माळ्यावर गेलं आणि नोकरी, लग्न, ढमी... यात सात वर्षं तिथेच राहिलं.

दादानेच एका रविवारी खोकी खाली काढली. "घ्या बाईसाहेब. दिवसभर माझ्यावर चिडण्यापेक्षा यांचे कान पिळा."

सिंथ चालू झाला. जुना सिक्वेन्सर मात्र मेला होता. सिक्वेन्सर म्हणजे सूर लक्षात ठेवणारा डबा. सोळा बटणं, प्रत्येकात एक सूर. एकदा 'चालू' दाबलं की ते सोळा सूर तो पुन्हा पुन्हा सिंथकडून वाजवून घेतो, थांबवेपर्यंत. मग वहिनीने एका दुरुस्तीवाल्या काकांकडून दुसऱ्या कुणाचा तरी वापरलेला आणला.

या सिंथवाल्या मंडळींचा एक नियम असतो. दुसऱ्याच्या हातची मशीन आली की आधी तिची मेमरी पुसायची.

आणि एक खोडही असते. पुसण्याआधी, आधीच्या माणसाने आत काय ठेवलंय ते ऐकायचं.

वहिनीने ऐकलं.

आठ सूर चढते. आठ उतरते. बस, इतकंच. खोल, मऊ आवाज, उशीखालून आल्यासारखा. तिला तो इतका आवडला की तिने तो पुसलाच नाही. त्याच्यावरच गाणं रचायला घेतलं.

पण हेडफोन लावले की ढमीचं रडणं ऐकू येणार कसं? वहिनीने शक्कल लढवली. ढमीच्या उशाशी तिचा आवाज दुसरीकडे ऐकवणारा बेबी मॉनिटर होता. त्याचा बाहेरच्या खोलीतला डबा तिने एका केबलने मिक्सरला जोडला. सगळे आवाज एकत्र करणारं यंत्र ते, स्वयंपाकघरातलं नव्हे. आता एकाच हेडफोनमध्ये सिंथ आणि त्याच्याखाली ढमीचा श्वास.

तिला हायसं वाटलं. इतकं शांत ती सात महिन्यांत बसली नव्हती.

त्या मंगळवारी अर्धा तास वाजवल्यावर तिच्या लक्षात आलं...

ढमीचा श्वास तालात होता.

सूर चढले की आत. उतरले की बाहेर.

'योगायोग,' ती स्वतःशीच म्हणाली. तिला गंमतच वाटली. पाणी प्यायला उठायचं म्हणून तिने सिक्वेन्सर थांबवला.

आणि हेडफोनमध्ये...

काहीच नाही.

केबल सैल झाली असेल म्हणून तिने हलवून पाहिली. केबल घट्ट होती. आतल्या खोलीतल्या पंख्याची घरघर व्यवस्थित ऐकू येत होती.

फक्त श्वास येत नव्हता.

वहिनी कशी धावली तिचं तिला आठवत नाही. ढमी उताणी. ओठ किंचित काळसर. छाती हलत नव्हती. वहिनीने तिला ओढून उचललं, तशी ती दचकली आणि तिने टाहो फोडला. वहिनी सांगते, जगात इतका गोड आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. "बाळं झोपेत कधी कधी थांबतात पाच-सात सेकंद. तुम्हीच जरा झोप घ्या."

दादा म्हणाला, "लोकांना भूत दिसतं. तुला ऐकू आलं. निदान तालात तरी होतं ना?"

वहिनी हसली नाही. तिने काकांना फोन लावला.

"काका, त्या सिक्वेन्सरमध्ये आधीचे सूर कुणाचे आहेत?"

"सूर? कसले सूर, ताई?"

"पहिल्याच जागेवर आहेत. सोळा."

"नाही हो. आतली बॅटरी गेली होती. मी नवी टाकली. बॅटरी काढली की मेमरी सगळी जाते. सोळाही बटणं कोरी होती, मी स्वतः तपासून दिलाय." मग हळू आवाजात काका म्हणाले, "ताई... तुम्ही तो परत आणून द्या. आजच."

का ते त्यांनी सांगितलं नाही. दादा त्याच संध्याकाळी सिक्वेन्सर परत देऊन आला.

तीन दिवस सगळं ठीक. ढमी खातेय, खेळतेय, दादाचा चष्मा ओढतेय.

शनिवारी दुपारी ढमीला झोपवून वहिनी टेबलाशी बसली. वाजवायचं नव्हतंच. सिंथ बंद. फक्त मिक्सर चालू आणि कानात ढमीचा श्वास.

आत. बाहेर. आत. बाहेर.

वहिनीची बोटं नकळत मांडीवर पडायला लागली. आठ चढते... आठ उतरते...

तोच ताल.

आणि तेवढ्यात श्वास थांबला.

ती ताडकन उठली. पण पाऊल टाकण्याआधीच हेडफोनमध्ये कुणीतरी गुणगुणलं.

बाई होती. तोंड मॉनिटरच्या अगदी जवळ. ओठ मिटलेले, खोल, मऊ आवाज. तेच सूर. आठ चढते...

आणि ढमीने श्वास घेतला.

आठ उतरते.

ढमीने श्वास सोडला.

घराचं दार आतून बंद होतं. घरात वहिनी आणि ढमीशिवाय कुणी नव्हतं.

हेडफोन टाकून वहिनी खोलीच्या दाराशी पोचली. गुणगुणणं आता दाराआडून ऐकू येत होतं. ती तिथेच खिळली. कारण तिला एकदम कळलं... आपण आत गेलो आणि हे गुणगुणणं थांबलं, तर?

पोटची पोर चार पावलांवर. आणि आईला आत जायची भीती.

त्यात तो आवाज दमत चालला होता. प्रत्येक फेरीत शेवटचा सूर जरा आधीच तुटायचा.

मग वहिनीने एकच गोष्ट केली. दाराशी उभं राहून ती स्वतः गुणगुणायला लागली. तेच सोळा सूर. गुणगुणतच तिने दार ढकललं.

खोलीत ढमी एकटीच होती.

दुसरा आवाज थांबला. ढमीचा श्वास आता वहिनीच्या सुरावर चालला होता. तिला उचलावं, जागं करावं असं कितीदा वाटलं. पण हात लावला आणि सूर चुकला तर... या भीतीने तिने हात लावला नाही.

साडेपाचला दादा लॅचची किल्ली लावून आत आला तेव्हा वहिनी गादीपाशी गुडघ्यांवर बसून गुणगुणत होती. घसा बसलेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय. दादाने घाबरून ढमीला उचललं. ढमीने डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं आणि हसली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. ढमी धडधाकट आहे. सिंथ विकून टाकला. काका विषय काढला की फोन ठेवतात.

मी हे आत्ता का लिहितेय ते सांगते.

गेल्या आठवड्यात वहिनी माझ्याकडे आली होती. माझी मुलगी चार महिन्यांची आहे. वहिनीने तिला मांडीवर घेऊन झोपवलं. मी दूध गरम करून परत आले, तर वहिनी खालमानेने गुणगुणत होती. आठ चढते, आठ उतरते.

"वहिनी, झोपली गं ती. थांब आता."

वहिनीने मान वर केली. तिचे डोळे भरले होते.

तिने नकारार्थी मान हलवली... आणि गुणगुणतच राहिली.