घणाखालचा आवाज

कानाचं मशीन बसवणं हा माझा धंदा. माणसं दुकानात येतात, मी कान तपासते, मशीन लावून देते. कोणाच्या घरी जायची वेळ क्वचितच. त्या दुपारी गेले, ती घणवाल्या काकांची सून फोनवर अगदी रडकुंडीला आली होती म्हणून.

"ताई, एकदा येऊन जा. बाबांच्या मशीनमध्ये कोणीतरी बोलतंय म्हणतात."

मला हसू आलं. नवीन मशीन लागलं की माणसं काय वाट्टेल ते सांगतात. कोणाचा फ्रिज कुजबुजतो, कोणी स्वतःच्याच घास चावण्याच्या आवाजानं दचकतो.

काकांची सगळी हयात लोखंड ठोकायच्या कारखान्यात गेली होती. घरही कारखान्याच्या भिंतीला लागूनच. गल्लीत शिरले तशी पायाखालची फरशी थरथरायला लागली. भट्टीच्या पंख्यांची अखंड घरघर, आणि तिच्यावर घणाचे दणके. एक बसला की छातीत धस्स व्हायचं, सावरते न सावरते तोच दुसरा. रस्त्याकडेला चांगली मोठी झाडं होती, पण एकाही फांदीवर घरटं नव्हतं. कुत्रंसुद्धा दिसलं नाही. माणसं तेवढी होती, आणि ती सगळी ओरडून बोलत होती.

सुनेनं हाताच्या खुणेनंच आत घेतलं. फळीवरचे कप दर दणक्याला किणकिणत होते.

"कोणी तक्रार नाही का केली?" मी ओरडले.

"केली की! साहेब आले आवाज मोजायला. नेमके जेवणाच्या सुट्टीत!" ती हसली. "आमच्याकडे भांडण अख्ख्या गल्लीला कळतं, ताई. प्रेमाचं बोलणं मात्र ज्याचं त्यालाही कळत नाही."

हसता हसता तिनं मागं वळून पाहिलं. मागच्या अंगाला न्हाणीघर होतं. त्याचं दार सताड उघडं होतं, आणि मिटू नये म्हणून खाली वीट लावलेली.

काका खिडकीपाशी बसले होते. डोळे मिटलेले, मान जराशी कललेली.

"बसा," ते म्हणाले. "बोलेल ती आता."

"कोण, काका?"

"माझी बायको."

त्या वर्षभरापूर्वी गेल्या होत्या. सुनेनंच दुकानात सांगितलं होतं मला. हृदयाचं दुखणं. डॉक्टर म्हणाले होते, यांना या आवाजातून हलवा. पण हलवणार कुठे? एका दुपारी त्या न्हाणीघरात कोसळल्या. सून भिंतीपलीकडे भाजी चिरत होती. घण चालू होता.

"शेवटी शेवटी तिचे ओठ हलताना दिसायचे नुसते," काका म्हणाले. "आवाज कसा होता, तेही विसरलो होतो. आता ऐकू येतो. कारखाना चालू असला की बोलते, बंद पडला की गप्प. आवाज वाढवा हो जरा. शब्द लागत नाहीत."

मी मशीन हातात घेतलं. आमच्याकडे डॉक्टरांच्या गळ्यात असते तशी नळी असते. ती मशीनला जोडली की आत काय चाललंय ते आपल्याला ऐकता येतं. हे मशीन घरघर, ठोके दाबून टाकतं आणि माणसाचं बोलणं तेवढं वर काढतं. त्याचं कामच ते.

नळी कानात घातली, आणि कारखाना मागं सरला. घण कुठंतरी लांब, उशीवर पडावा तसा. आणि त्याच्या खालून... अगदी खालून...

बाईचा आवाज. दमलेला.

*सूनबाई... अगं सूनबाई... दार उघड...*

सून माझ्या तोंडाकडे बघत होती. ती जवळ आली. त्या गदारोळात पहिल्यांदाच ती ओरडली नाही. तिचे ओठ तेवढे मला दिसले.

"मला... हाक मारतात का?"

खोटं बोलवेना. मी नळी तिच्या हातात दिली.

तिनं ऐकलं. किती वेळ ऐकत राहिली, मला सांगता येणार नाही. मग म्हणाली, "मी घरातच होते हो... मला काही ऐकूच आलं नाही..." आणि नळी टाकून मागच्या अंगाला धावली. "आले! आले, आई! आले!"

तेवढ्यात भोंगा झाला. घण थांबला. पंखेही थांबले. अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कानात नुसतं सुं... सुं...

आणि त्या शांततेत, खट्.

मी धावत गेले. न्हाणीघराचं दार बंद होतं. आतून कडी लागली होती. सून बाहेर उभी, डोळे विस्फारलेले. वीट जिथल्या तिथं होती.

"काय म्हणाली?" मागून काका मोठमोठ्यानं विचारत होते. "अगं, काय म्हणाली ती?"

मशीन तपासून आणते, असं सांगून मी ते घेऊनच निघाले. काकांनी ते उचलून मुठीत धरलं होतं, सोडवता सोडवेना.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या तपासणीच्या खोलीत बसले. चारही भिंतींना जाड स्पंज, टाचणी पडली तरी ऐकू यावी. तिथं दाबायला घण नाही, घरघर नाही. नळी कानात घातली. काही नाही. जिवात जीव आला. नळी काढणार, तोच...

*बाबा... बाबा, दार उघडा ना...*

आवाज दमलेला नव्हता. तरुण होता. आदल्याच दिवशी ऐकलेला.

नळीचं एक टोक कानातून काढून मी फोन लावला. पहिल्याच घंटेला सुनेनं उचलला. मागं घण चालू होता.

"ताई! बाबा मशीनची वाट बघतायत!"

"तुम्ही बऱ्या आहात ना?"

"काय? मोठ्यानं बोला!"

"न्हाणीघराचं दार काढून टाका! आजच!"

"अहो, ते कालच काढलं! कडी निघेचना, मग सुताराला बोलावलं. आता पडदा लावलाय नुसता. घरात दुसरं दार कुठलं? पुढचं तेवढं."

"बाबा आहेत का जवळ?"

"हे काय, इथंच बसलेत. पण त्यांना काय ऐकू येणार? मशीन तुमच्याकडे!" असं म्हणून ती हसली.

एका कानात तिचं ते हसणं होतं. दुसऱ्या कानात ती दार ठोठावत होती.