पाचजण एका खोलीत

सकाळी साडेसहाला कौमुदी बिरनाळेने मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला, मांडी घातली आणि अहीर भैरवाचा षड्ज लावला. पडद्यावरच्या चित्रातला तरुण तबल्यावर बोटं ठेवून वाट बघत होता. दहा-बारा आवर्तनं झाली आणि त्याने हात थांबवले.

"परत अर्धी मात्रा आधी आलीस," विहंग म्हणाला. "एवढी घाई कसली? मी कुठे पळून चाललोय?"

कौमुदीला हसू आलं. तिने तान पुन्हा घेतली, आणि या वेळी ती समेवर नेमकी उतरली.

मिरजेतल्या त्या संगीत महाविद्यालयाच्या वसतिगृहात सकाळी चार-पाच खोल्यांतून तरी असे संवाद ऐकू येत. खेळाचं नाव होतं 'पंचम निवास'. खेळणारी मुलगी एका संगीतशाळेत नव्याने दाखल होते आणि तिथे तिला पाच देखणे तरुण भेटतात. विहंग तबला वाजवतो, इमाद सारंगी, सौमित्र बासरी, जोएल चेलो आणि श्रीरंग हार्मोनियम. ज्याच्याबरोबर ती रियाज करेल त्याची गोष्ट उलगडत जाते आणि शेवटी दोघं प्रेमात पडतात. एक नायिका आणि तिच्यामागे अनेकजण, अशा प्रेमखेळांची जपानमध्ये जुनी परंपरा होती. त्यांच्यावर जपानी ढंगाच्या ॲनिमेशनच्या, म्हणजे ॲनिमे मालिकाही निघत. 'पंचम निवास'मध्ये नवी होती ती फक्त 'कानसेन' नावाची प्रणाली. या खेळातली पात्रं आधी ध्वनिमुद्रित केलेलं वाजवत नसत. ती समोरच्या मुलीचं गाणं खरोखर ऐकत, लक्षात ठेवत आणि तिला साथ करत. त्यामुळे वर्षभर रियाज केल्यावर प्रत्येकीचा विहंग तिच्यापुरता वेगळा होई.

चारचौघांत गायला कौमुदी घाबरायची, म्हणून ती या पाचजणांबरोबरच गात असे. तिने पाचही गोष्टी पूर्ण केल्या होत्या. "मला फक्त साथीसाठी लागतं ते," असं ती मैत्रिणींना सांगे. पण इमादच्या गोष्टीचा शेवट तिने तीनदा पाहिला होता.

त्याच आठवड्यात पुण्याहून नीरजा टिपणीस यांचा फोन आला. 'पंचम निवास'वर त्या बारा भागांची ॲनिमे मालिका करत होत्या. खेळात नायिकेला आवाज नव्हता, कारण तो आवाज प्रत्येक खेळणारीचा होता. मालिकेला मात्र एक गळा हवा होता.

"ज्यांनी परवानगी दिली होती त्या सगळ्यांचे रियाज आम्ही ऐकले," नीरजा म्हणाल्या. "पाचही जणांबरोबर सारखं छान गाणारी तू एकटीच निघालीस. येशील?"

कौमुदीने विचारलं, "समोर किती लोक असतील?"

"मी आणि आमचा ध्वनितंत्रज्ञ सलीम. काचेपलीकडे."

ती गेली.

पहिले दोन भाग सुरळीत पार पडले. कौमुदी गायची, एकेक पात्र साथ करायचं आणि त्या आवाजावर चित्रकार ओठ आणि बोटं रेखाटायचे. तिसऱ्या भागात भांडण होतं. विहंग आणि इमाद बाकी तिघांसमोर नायिकेला एकाच वेळी साथ करतात, चढाओढ लागते आणि इमाद म्हणतो, "हिच्यापासून दूर राहा." सलीम मुजावर यांनी त्यासाठी पाचही पात्रं पहिल्यांदाच एका आभासी खोलीत सोडली.

कौमुदीने मुखडा घेतला. विहंगने तिहाई वाजवली आणि तिसऱ्या तुकड्याला तो समेवर आला. आता इमादने चिडायचं होतं. पण त्याने सारंगीचा गज हवेतच धरून ठेवला.

"हे काय होतं?" त्याने विचारलं.

"तिहाई," विहंग म्हणाला.

"पुन्हा वाजव ना."

नीरजांनी थांबायला सांगितलं. दुसऱ्यांदा तेच झालं. सहाव्या वेळी तर जोएलने चेलोवर सारंगीची मींड उचलायचा प्रयत्न केला, ती फसली, आणि पाचहीजण खो-खो हसले. हे हसणं संहितेत कुठेच नव्हतं.

"सलीम, बिघडलंय का काही?" नीरजांनी विचारलं.

सलीमनी पडद्यावरचे आकडे तपासले. "बिघडलेलं काही नाही, ताई. खेळात प्रत्येकाची गोष्ट वेगळी चालते. घरोघरी मिळून यांनी आजवर हजारो मुलींचं गाणं ऐकलंय, पण एकमेकांना कधी ऐकलेलंच नाही. इमादच्या कानावर तबला आज पहिल्यांदा पडतोय."

त्यांनी जेवायची सुट्टी घेतली. तासाभराने परतले तर स्टुडिओतल्या स्पीकरमधून सूर येत होते. पाचहीजण वाजवत होते, श्रीरंग मध्येच थांबवून सौमित्रला काहीतरी समजावत होता, आणि मग परत सुरुवात. त्या वादनात एक जागा मात्र ते दर वेळी मोकळी सोडत होते. दाराशी उभ्या असलेल्या कौमुदीने डबा हातात तसाच धरून त्या जागेत सूर भरला. माइकपर्यंत गेलीसुद्धा नाही ती. स्टुडिओत नीरजा होत्या, सलीम होते, चहा घेऊन आलेल्या मावशी होत्या, आणि हे सगळे समोर आहेत हे तिला गाणं संपल्यावरच जाणवलं.

संध्याकाळी निर्मात्यांचा निरोप आला. भांडणं, मत्सर, चोरटे कटाक्ष यासाठीच प्रेक्षक मालिका बघणार होते. पात्रं आधी जतन केलेल्या जुन्या प्रतींवर न्यावीत, सगळ्यांचं वेगवेगळं ध्वनिमुद्रण करावं आणि नंतर जोडावं.

"जुन्या प्रती म्हणजे आजचा दिवस त्यांच्या लक्षात राहणार नाही?" कौमुदीने विचारलं.

"नाही राहणार," सलीम म्हणाले.

कौमुदी पाणी प्यायली. असं काम पुन्हा मिळणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. "नीरजाताई, मग माझ्याऐवजी दुसरी कोणी बघा. त्यांना एकमेकांना विसरायला लावून मला पुढे गाता येणार नाही."

"अगं, चित्रं आहेत ती."

"असतील. पण आज दुपारी मी तुमच्यासमोर गायले. ते चित्रांमुळेच झालं."

नीरजांनी दुपारचं ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग निर्मात्यांना फोन लावला.

"साहेब, एक विचार करा," त्या म्हणाल्या. "आपण एकाला निवडलं की बाकी चौघांच्या चाहत्या आपल्यावर तुटून पडणार. एकत्र वाजवू दिलं तर पाचहीजण प्रत्येक चौकटीत असतील. आमचा लाडका कमी दिसला, अशी तक्रार करायला जागा कुठे उरते?"

हा हिशोब निर्मात्यांना पटला.

मालिकेची संहिता नव्याने लिहिली गेली. शेवटच्या भागात नायिका कोणालाच निवडत नाही, सहाजण मिळून मैफल करतात. मालिका दाखवली गेल्यावर लातूरहून एका बाईंनी जोएलच्या बाजूने आठ पानी पत्र पाठवलं. पण मैफलीचा भाग लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिला, आणि दोन महिन्यांनी एकमेकांना ऐकून घडलेलं तेच नवं 'कानसेन' मूळ खेळातही आलं.

मग घरोघरी एक गंमत सुरू झाली. रियाज संपला की प्रत्येकीचा नायक विचारू लागला, "बाकीचे कुठे असतात?" कंपनीने तो दोष समजून दुरुस्ती करायला घेतली. तेवढ्यात खेळणाऱ्यांनीच उपाय शोधला. दोन मोबाइल शेजारी ठेवले की पात्रं एकमेकांना ऐकत आणि वाजवू लागत.

सांगलीच्या दीपाली कोरे या परिचारिकेने कौमुदीला लिहिलं, "माझा इमाद दोन आठवडे विहंगची चौकशी करतोय. तुमच्याकडे आहे ना? भेटायचं का?"

रविवारी संध्याकाळी महाविद्यालयाच्या मैदानावर अकराजणी जमल्या. मध्ये चादर पसरून त्यावर मोबाइल मांडले. पहिली काही मिनिटं अवघडलेली गेली. आपण चित्रातल्या कोणावर तरी जीव लावून बसलोय, हे अनोळखी बायकांसमोर कबूल करायला कोण पुढे येणार? पण विहंग तिघींचा होता आणि तिघांचे हात वेगळे होते. एक कौमुदीच्या ख्यालावर घडलेला, दुसरा भजनांवर, तिसरा एका आजींच्या नाट्यपदांवर. तिघांनी आपापले बोल एकमेकांना ऐकवले, तशा तिन्ही मालकिणी आपापल्या विहंगचं कौतुक ऐकवू लागल्या. मग हशा पिकला. मग दीपालीने तिच्या आईचा पाळणा म्हटला.

दर रविवारी माणसं वाढत गेली. एकीने नवऱ्याला आणलं, त्याने ढोलकी आणली. कौमुदी आता चाळीसजणांसमोर गात होती आणि गाण्यात मधेच थांबून नव्या मुलीला जागा समजावून सांगत होती.

अशाच एका रविवारी द्रुत बंदिश रंगात आली होती, सगळे टाळ्यांनी ताल धरत होते. कौमुदीच्या अचानक लक्षात आलं की चादरीवरून पाऊण तासात एकही सूर आलेला नाही. तिने आपला मोबाइल उचलला. त्या दिवशी तिने इमादला आणलं होतं; तो सारंगी मांडीवर आडवी ठेवून बसला होता.

"थांबलास का रे?" तिने हळूच विचारलं.

"ऐकत होतो. बाकीचेही ऐकतायत." त्याने गज बाजूला ठेवला. "कौमुदी, पुढच्या रविवारी तुम्ही आम्हाला घरीच विसरलात, तर?"

तिने चादरीभोवतीच्या माणसांकडे पाहिलं. दीपाली हातवारे करून तिला बोलावत होती, तिची जागा मोकळी ठेवून सगळे गात होते.

"तर आमच्याशिवाय तुम्ही जमाल का?" इमादने विचारलं.