डाव्या पत्र्यावरची थाप

नामपूरहून येवल्याला कांदा पोचवायचा, गोण्या उतरवायच्या आणि दिवे लागायच्या आत रिकामा ट्रक घेऊन माघारी यायचं. काम एवढंच. दुसरा कोणी असता तर गाणी लावून निघाला असता. गोरक्ष मात्र सकाळपासून ट्रकभोवती फेऱ्या मारत होता, देवळाला माराव्यात तशा.

चार वर्षं त्याने गाडीला हात लावला नव्हता. दोन तुरुंगात गेली, एक दारू सोडवणाऱ्या केंद्रात, आणि एक लोकांच्या नजरा चुकवण्यात. ट्रक गावातल्या सिंधुबाईंचा. त्यांचे मालक वारले तेव्हापासून तो दारात उभा होता. गावाने परोपरीने सांगितलं, त्याच्या हाती गाडी देऊ नका. त्यांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "ज्याले भेव शे, तोच गाडी सांभाळस. जाय." म्हातारी गावापेक्षा शहाणी होती, असं माझं मत आहे.

क्लीनर मात्र मिळाला नाही. कोण चढणार त्याच्या शेजारी?

गाडी मागे घेताना क्लीनर खाली उतरतो आणि पत्र्यावर थाप मारतो. दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक थाप म्हणजे थांबा. आरसे कितीही मोठे लावा, आपल्याकडचा ड्रायव्हर विश्वास ठेवतो तो थापेवरच. गोरक्षच्या लेकीला, वेदिकाला, हा खेळ वाटायचा. चार वर्षांची पोर. बापाचा पिकअप अंगणात आला की हातातलं टाकून धावायची, डाव्या बाजूला उभी राहून थापा मारायची. घरात तिला सगळे क्लीनरसाहेब म्हणायचे.

त्या संध्याकाळी गोरक्ष पिऊन आला होता. पोरीची चप्पल मागच्या चाकापाशी निसटली आणि ती घ्यायला ती वाकली. वाकता वाकता तिने थाप मारली. एकच.

कोर्टात तो म्हणाला, मला काही ऐकू आलं नाही. ते खोटं होतं. त्याला थाप स्वच्छ ऐकू आली होती. नशेत त्याला वाटलं, दुसरी येतेच आहे. तिची वाट बघतच त्याने गाडी मागे घेतली. हे तो आजवर कुणापाशी बोलला नव्हता.

त्याची बायको, निकिता, तेराव्यानंतर येवल्याला माहेरी गेली ती गेलीच. तिथे ती पैठणीच्या मागावर बसते. पहिल्या खेपेला घरच्या बाईने स्टेअरिंगला कुंकू लावायचं असतं. सिंधुबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं, पण कुंकवाला हात लावला नाही. "ते तुनी बायकोनं काम," म्हणाल्या. म्हणून त्याने चार वर्षांनी निकिताला फोन केला. व्यापाऱ्याच्या खळ्यावर येशील का, असं विचारलं. ती म्हणाली, "बघते." त्या एका शब्दावर तो निघाला. ती आली तर काय बोलायचं ते भावडबारीच्या घाटात त्याने दहादा घोकलं आणि चांदवड येईतो विसरला.

येवल्याबाहेर व्यापाऱ्याच्या खळ्यावर पोचला तेव्हा भर दुपार होती. हमाल जेवायला गेले होते. पत्र्याची लांब शेड, उडणारी कांद्याची टरफलं आणि सडक्या कांद्याचा घशाला झोंबणारा वास. कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

ट्रक मागे शेडला लावायचा होता. गोरक्ष उतरला, मागे बघून आला, चढला, हातभर मागे घेतला. पुन्हा उतरला. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी त्याने गिअर टाकला आणि डाव्या पत्र्यावर थाप पडली.

दोनदा. हलक्या हाताने.

हमाल आले असतील, असं त्याने स्वतःला समजावलं. डाव्या आरशात मात्र नुसतं ऊन होतं. पुन्हा दोन थापा. येऊ द्या. कुणी सांगितलं की ऐकायचं, एवढंच त्याच्या अंगात उरलं होतं. तो गाडी मागे घेऊ लागला.

थाप!

एकच. जोरात. त्याने ब्रेकवर असा पाय मारला की कपाळ काचेवर आपटलं. इंजिन बंद पडलं. दुसरी थाप आली नाही. त्याने वाट बघितली नाही.

किल्ली काढून घेत तो खाली उतरला. ट्रकच्या मागे, वीतभर अंतरावर, निकिता उभी होती. हातात कुंकवाची वाटी, डोळे घट्ट मिटलेले.

"निकिता... अगं..."

"मुद्दाम उभी राहिले," ती डोळे उघडून म्हणाली. "बघायचं होतं, आज तरी ऐकू येतं का."

"थाप... तू मारलीस?"

तिने मान हलवली. "मी हललेसुद्धा नाही." मग अगदी खालच्या आवाजात, "त्या दिवशी मला चुलीपाशी ऐकू आली होती. एकच. तुम्हालाही आली होती."

चार वर्षं गिळलेलं ते तिथे उन्हात बाहेर पडलं. "आली होती गं... मला वाटलं, दुसरी येईल..." तो चाकापाशी मटकन बसला आणि तोंडात शर्ट कोंबून रडला. निकिताने त्याला हात लावला नाही. ती डाव्या बाजूच्या पत्र्याकडे बघत होती.

वाटेतल्या धुळीचा जाड थर पत्र्यावर बसला होता. त्या थरात एक लहान पंजा उमटला होता, पाची बोटं स्पष्ट. गोरक्ष उठून त्याच्यापाशी गेला. तेव्हा वेदिकाची थाप त्याच्या मांडीच्या उंचीवर पडायची. हा पंजा त्याच्या बरगडीशी होता, आणि तेव्हापेक्षा मोठा.

निकिताने आपला तळहात त्याच्याजवळ नेला, पण टेकवला नाही.

"वाढलीय," ती म्हणाली. "नववं लागलं ना आता."

मग पदराने तोंड पुसून तिने कुंकवाची वाटी गोरक्षच्या हातात दिली. "मला जेवढं ऐकायचं होतं तेवढं ऐकलं. कुंकू तुमचं तुम्ही लावा. मी जाते." ती वळली. पाच-सहा पावलं गेली असेल.

केबिनची दोन्ही दारं बंद होती. किल्ली गोरक्षच्या मुठीत होती.

आतून, डाव्या दारावर, थाप पडली. एकच.

निकिता थांबली.