मऊ पडलेला खाऊ

आजोबांनी एका पत्राला वर्षभर उत्तर दिलं नव्हतं; आणि ते पत्र सापडलं कुठे, तर खाऊच्या डब्यात!

दरवर्षी नाताळच्या सुट्टीत आजोळी पोचलं, की तिघं भावंडं आधी स्वयंपाकघरातल्या कपाटाकडे धावायची. वरच्या फळीवर पत्र्याचा निळा डबा असायचा. त्यात आजोबांनी केलेला नाताळचा खारा खाऊ : मक्याचे पोहे, शेंगदाणे, बदाम आणि शिळ्या पावाचे चौकोनी तुकडे, सगळं लसणाच्या लोण्यात घोळवून ओव्हनमध्ये कुरकुरीत केलेलं. डबा हलवला की असा खडखडाट व्हायचा, की शेजाऱ्यांना कळायचं, नातवंडं आली!

यंदा चिमटीनं डबा हलवला, तर आत नुसतं काहीतरी सरकलं.

"ताई, हा मुका झालाय गं!"

ताई तेरा वर्षांची, म्हणजे टोळीची पुढारी. तिनं झाकण काढलं. आत एक फोडलेलं पाकीट होतं.

"दुसऱ्याचं पत्र वाचू नये," चष्मिस म्हणाला. तो अकरा वर्षांचा होता आणि जगातले सगळे नियम त्याला पाठ होते.

"खाऊच्या डब्यात आहे, म्हणजे खाऊच आहे!" असं म्हणून धाकट्या चिमटीनं वाचायला सुरुवातही केली.

"दादा, नव्या घरात आल्यापासून माझा खाऊ मऊ पडतो. आईच्या खाऊची कुरकुर आता तुझ्याकडेच उरली आहे. तू नेमकं काय करतोस ते लिही. नाहीतर माझ्या नातवंडांना ती कधी कळायचीच नाही."

पत्र आजोबांच्या धाकट्या बहिणीचं होतं. ती समुद्रापलीकडे राहायची.

तेवढ्यात मामा आला. "आली का टोळधाड? यंदा खाऊ विकतचा हं! चांगली बारा पाकिटं आणलीत!"

"आणि आजोबांचा?" चष्मिसनं विचारलं.

मामाचा आवाज खाली आला. "गेल्या वर्षी तुमचं येणं हुकलं ना, तेव्हा मऊ पडला रे. सादळलेल्या बिस्किटासारखा. तेव्हापासून बाबा म्हणतात, माझा हात गेला. यंदा करायचंच नाही म्हणाले."

तिघं थेट आजोबांच्या खोलीत गेली. आजोबा निवृत्त ग्रंथपाल. पुस्तकांच्या दोन थप्प्यांमध्ये ते असे बसले होते, की आधी पुस्तकं दिसायची आणि मग आजोबा. ताईनं पत्र पुढे ठेवताच ते कानांपर्यंत लाल झाले.

"सात वेळा उत्तर लिहिलं आणि सात वेळा फाडलं," ते पुटपुटले. "ज्याला स्वतःलाच जमत नाही, त्यानं दुसऱ्याला काय शिकवायचं?"

"कृती बदलली होती का?" ताईनं विचारलं.

"छे! आईचीच. शब्दन् शब्द." त्यांनी एक लांबट खण ओढला. आत ग्रंथालयात असतात तशी कार्डं ओळीनं लावलेली. दर नाताळचं एक! कोणत्या दिवशी केला, किती वजनाचा, हवा कोरडी की दमट, सगळं मोत्यासारख्या अक्षरात.

"आजोबा, हे खाऊचं ग्रंथालय आहे!" चष्मिस डोळे विस्फारून म्हणाला. "सगळं लिहिलंय तुम्ही!"

"सवय रे, दुसरं काय," आजोबा म्हणाले. पण खण त्यांनी बंद केला नाही.

दारातून मामा म्हणाला, "तिकडे काही नाताळआधी पोचायचं असेल, तर उद्या पोस्टाच्या पाचच्या थैलीत पडायला हवं. पण पाठवणार काय, डोंबल?"

"खाऊ!" तिघं एकदम ओरडली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वयंपाकघरात धुमाकूळ सुरू झाला. ताईनं आजोबांच्या आईच्या कृतीबरहुकूम सगळं मोजलं आणि निम्मं ओव्हनमध्ये सरकवलं. मामा पहाऱ्यावर होता.

"ढवळण्यापुरतंच दार उघडायचं हं! गेल्या वर्षी मी स्वतः दाराला नवं रबर बसवलंय. मुंगीला आत जाता येणार नाही!"

अर्ध्या तासानं ताईनं ढवळायला दार उघडलं, आणि भस्सकन वाफ बाहेर आली.

"मला काही दिसत नाहीये!" चष्मिस ओरडला. त्याचा चष्मा पांढराशुभ्र झाला होता.

"तुला एरवी तरी कुठे दिसतं?" चिमटी खिदळली.

पण चष्मिसनं चष्मा पुसला नाही. तो तसाच उभा राहिला. "ताई, एवढी वाफ आत कोंडली, तर खाऊ वाळणार कसा? तो भाजत नाहीये. घामाघूम होतोय!"

"पण ओव्हन तर तीस वर्षं हाच आहे!"

"हाच, पण रबर नवं! आधी काय होतं, ते कार्डांत असेल!" चष्मिस म्हणाला. मग तिघंही खोलीकडे पळत सुटली. आजोबा फिरायला गेले होते. खण उघडा होता. प्रत्येक कार्डाची शेवटची ओळ एकच : 'ओव्हनचं दार नीट लागत नाही. बोटभर फट राहते. दुरुस्त करून घेणे.'

"तीस वर्षं पुढे ढकललं!" चिमटी आनंदानं किंचाळली. "आणि मला म्हणतात आळशी!"

फक्त गेल्या वर्षीचं कार्ड वेगळं होतं. ताईनं ते वाचलं : 'दार दुरुस्त झालं.' आणि त्याखालीच : 'खाऊ मऊ.'

आता बेत ठरला. चिमटीनं मामाला लांबलचक यादी दिली : दोरी, खाकी कागद, डिंक, तिकिटं. तो बाहेर पडताच उरलेलं निम्मं मिश्रण ओव्हनमध्ये गेलं. पण या वेळी दाराच्या फटीत लाकडी चमच्याचा दांडा अडकवलेला! वाफ फुस्स करत स्वयंपाकघरभर पसरली.

मामा परतला तेव्हा टेबलावर कार्डांची थप्पी आणि दोन वाट्या होत्या.

"मामा, तू खरा जाणकार. सांग, कुठला चांगला?"

मामानं पहिल्या वाटीतला घास घेतला. "हं... माझी पाकिटंच बरी." मग दुसऱ्या वाटीतला. कर्रर्र! "वा! याला म्हणतात खाऊ! हा माझ्या दाराचा गुण, बरं का!"

"हो मामा, तुझ्या दाराचाच!" ताईनं ओव्हनकडे बोट केलं. "पण उघड्या!"

मामानं चमच्याकडे बघितलं, मग तीस कार्डांच्या थप्पीकडे. "म्हणजे... चोर मीच?" आणि तो असा हसत सुटला, की शेंगदाण्याचा ठसका लागला.

आजोबा कधी येऊन उभे राहिले, ते कुणाला कळलंच नाही. त्यांनी दुसऱ्या वाटीतला एक पावाचा तुकडा उचलला. कर्रर्र! त्यांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे हात गेला नव्हता," ते अगदी हळू म्हणाले.

"नव्हताच मुळी!" चिमटीनं त्यांना मिठी मारली.

"जन्मभर पुस्तकं लावली मी, आणि माझीच कार्डं मला वाचता आली नाहीत. शाबास रे पोरांनो!"

"कार्डं होती म्हणून वाचली, आजोबा," ताई म्हणाली. "इतकी वर्षं असं कोण लिहून ठेवतं?"

आजोबांनी आठवं पत्र लिहिलं आणि ते फाडलं नाही. 'तुझ्या नव्या ओव्हनचं दारही घट्ट लागत असणार. दारात लाकडी चमचा अडकव. बोटभर फट पुरे. उत्तराला वर्ष लागलं, माफ कर.' निळा डबा काठोकाठ भरला. मामानं तो खाकी कागदात बांधला, तरी आतून खडखड ऐकू येतच होती!

पाचला दहा मिनिटं कमी. पार्सल पोस्टाच्या खिडकीत दिलं गेलं. बाहेर पोस्टमनकाका पत्रपेटीसमोर थैली घेऊन उभे. आजोबांनी पाकीट फटीत घातलं आणि हात तिथेच थांबला.

"'माफ कर' दोनदा तर नाही ना लिहिलं? जरा परत बघू का?"

"आजोबाऽऽ!"

"आजोबा, टाकताय की घरी नेताय?" पोस्टमनकाकांनी विचारलं. "मला पेटी उघडायचीय."

आजोबांनी पाकिटावरचं बहिणीचं नाव एकदा वाचलं आणि बोटं सोडली.