शटर दोन सेकंद उघडं होतं

ही रचलेली गोष्ट नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेलं, त्याच्याकडून कळलं तसं सांगतेय.

मागच्या वर्षीची रविवारची दुपार. स्टुडिओ बंद होता.

मामा फोटोग्राफर. स्टुडिओ त्याचा आणि त्याच्या भागीदाराचा. भागीदाराला सगळे उस्ताद म्हणत. मामाच्या हातात पहिला कॅमेरा त्यानेच दिला. उस्तादला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. फ्लॅशची वायर उघडी पडली होती. त्याने हात लावला... आणि जागच्या जागी गेला.

त्या दुपारी मामाला एक प्रयोग करायचा होता. एका बाजूला फ्लॅश, दुसऱ्या बाजूला साधा पिवळा बल्ब, आणि शटर दोन सेकंद उघडं. फ्लॅशमध्ये चेहरा लख्ख गोठतो. मग जे काही हलेल, त्याचा बल्बच्या उजेडात पिवळा धूसर पट्टा उमटतो.

समोर बसायला कोणी नव्हतं. मामाने काळे पडदे ओढले, दाराला कडी घातली, टायमर लावला आणि स्वतःच स्टुलावर बसला.

पहिला फोटो झकास आला.

फक्त मागे, पडद्यापाशी... एक पिवळा पट्टा होता.

पडदा हलला असेल. मामाने पंखा बंद केला. श्वास रोखून पुन्हा बसला.

दुसऱ्या फोटोत पट्टा पडद्यापाशी नव्हता.

स्टुलाच्या मागे होता. माणसाच्या उंचीचा.

मामाने फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. पण माणूस हट्टी, भुताखेतांना हसणारा. त्याने बल्बच काढून टाकला. आता नुसता फ्लॅश. मागे काही हललं तरी पट्टा उमटायचं कारणच नाही.

तिसऱ्या फोटोत पट्टा उमटला नाही.

मामाच्या खांद्यावर चार बोटं होती. लख्ख, गोठलेली.

आणि बोटांची टोकं... जळून काळीठिक्कर.

मामा कॅमेरा तसाच टाकून पळाला.

पुढच्या महिन्यात ओळखपत्रासाठी फोटो काढायची वेळ आली. तो दुसऱ्याच फोटोग्राफरकडे गेला. त्याने फोटो काढला, बघितला, आणि मामाच्या मागे कोणी उभं होतं का, असं हळूच विचारलं. बोटं आता गळ्यापाशी होती. तेव्हापासून मामाला मानेवर सतत ओझं जाणवायचं.

मामाला कारण माहीत होतं. ती उघडी वायर त्याने उस्ताद गेला त्या दिवशी सकाळीच पाहिली होती. आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं, अबोला धरलेला. कळेल त्याचं त्याला, म्हणून मामा गप्प बसला.

हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

शेवटी तो कबुली द्यायला उस्तादच्या घरी गेला. उस्तादच्या बायकोने, वहिनींनी, पाणी दिलं, समोर बसल्या. मामाने तोंड उघडलं...

आवाजच फुटेना.

वहिनींनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, त्या सकाळी तुमच्या तोंडाला कोणी कुलूप घातलं होतं?"

मामाच्या हातातला पेला खाली पडला.

"आता नका बोलू," त्या म्हणाल्या. "त्यांना आता ऐकायचं नाहीये."

तेव्हापासून मामा मुका आहे. डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही.

हे सगळं त्याने मला मागच्या आठवड्यात वहीत लिहून दाखवलं. आम्ही त्याच्या खोलीत शेजारी शेजारी बसलो होतो. खरं-खोटं बघावं म्हणून मी मोबाईल काढला आणि कॅमेरा आमच्या दोघांवर धरला.

मामाने माझं मनगट घट्ट पकडलं. मान हलवली. वहीत लिहिलं...

'नको. तू आल्यापासून माझी मान हलकी झालीय.'

त्या दिवसानंतर मी माझा एकही फोटो काढलेला नाही.