खिशातले तीन फ्यूज

"फ्यूज काढलेस की खिशात घाल. पेटीवर ठेवलेस तर कुणीतरी लावेल, आणि तू आत असशील."

हे ह्यांचं वाक्य. माझे यजमान शीतगृहांमध्ये विजेचं काम करायचे. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या दिरांना, ते त्यांनीच हाताला धरून शिकवलं. ह्यांना जाऊन आता दोन वर्षं होत आली.

खोटं न बोलण्याचं माझं रोजचं व्रत आहे. म्हणून जे घडलं तेवढंच लिहिते. पटलं नाही तर सोडून द्या...

फळांचं शीतगृह. शनिवारची दिवेलागणीची वेळ. मी भाऊजींचा डबा घेऊन गेले होते.

तिसऱ्या खोलीचा ब्रेकर सारखा पडत होता. वर केला की... खट्. खाली.

"मोठा ब्रेकर टाका ना एकदाचा," स्टोअरकीपर वैतागले होते. "फळं नासली तर मालक माझी सालं काढतील!"

"चोर आलाय म्हणून कुत्रा भुंकतोय," भाऊजी म्हणाले, "आणि तुम्ही मला मुका कुत्रा आणायला सांगताय! आत कुठेतरी वायर सोलवटलीय. ती शोधू द्या."

त्यांनी त्या खोलीच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढले आणि टॉर्च घेऊन आत गेले. जाडजूड दार बंद झालं.

मी दारासमोरच एका रिकाम्या क्रेटवर बसले. डोळे मिटून माळ ओढू लागले.

शेजारच्या खोल्यांची यंत्रं घरघरत होती.

अचानक... घरघर थांबली.

डोळे उघडून पाहिलं. पंखे फिरतच होते. नुसता आवाज नव्हता. हातातले मणीसुद्धा वाजेनात.

त्या शांततेत कुणीतरी घसा खाकरला...

कामाला हात घालण्याआधी हे खाकरायचे. अगदी तसंच.

मी वळून पाहिलं. कुणी नाही. खोलीचं दार बंदच.

मग घरघर परत आली, आणि पाठोपाठ स्टोअरकीपर.

"वहिनी, पेटीवरचे फ्यूज कुठे गेले?"

"कुठले फ्यूज?"

"अहो, तिन्ही! आत्ता जाताना इथेच पाहिले. मला वाटलं काम उरकलं. तिकडे ब्रेकर वर करून आलो, म्हटलं आता फ्यूज लावले की झालं..."

मी उठून दार ठोठावलं.

"भाऊजी! बाहेर या!"

ते आले. बोटं ओली होती. "काय झालं? सापडली वायर. उघडी तार हातातच धरली होती मी."

स्टोअरकीपरांनी सगळं सांगितलं. भाऊजींनी वळून पेटीकडे पाहिलं.

"एका हातात टॉर्च, दुसऱ्यात पक्कड... फ्यूज पेटीवरच ठेवून गेलो मी. दादाने शंभरदा बजावूनसुद्धा."

बोलता बोलता त्यांचा हात छातीवर गेला. तिथेच थबकला.

शर्टाच्या खिशाला बटण लावलेलं होतं.

आत... तीन फ्यूज. बर्फासारखे गार.

"वहिनी, तुम्ही आत आला होतात?"

"नाही हो."

"मग कुणी? काळोखात कुणीतरी छातीशी चाचपलं माझ्या. मला वाटलं, गारठ्याने भास होतोय..."

दार उघडलंच नव्हतं. मी समोर बसले होते.

स्टोअरकीपरांनी मोठ्या ब्रेकरचं नाव पुन्हा काढलं नाही.

घरी येताना मला आठवलं. हॉस्पिटलातल्या शेवटच्या दिवशी भाऊजी रडत होते, "दादा, मला एकट्याने नाही रे जमणार." तेव्हा हे हसले होते. "एकटा कशाला? मी येईन की बरोबर. शब्द दिला, जा."

ह्यांना मुक्ती मिळावी म्हणून मी रोज जप करते. आता माळ हातात घेतली की मागणं ओठांवर अडतं. सुटावेत म्हणू... की राहावेत?

आज सकाळी भाऊजी नव्या कामावर निघाले. मी देवापुढे होते. फाटकाची कडी वाजली.

मग दाराशी चपला सरकल्या... सावकाश, हे पहाटे कामाला निघायचे तशा, घरात कुणाची झोप मोडू नये अशा.

आणि कडी पुन्हा वाजली.