नकल्याच्या चोचीत फळ होतं

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. खरं सांगूनही मिळणार नाही म्हणा. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही आता.

हे माझ्या आतेभावाच्या बाबतीत घडलं. त्याचं नाव सिबोंग. चार वर्षांपूर्वीचा ऑगस्ट महिना, बुधवार.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथं रात्र नव्हती. सकाळचे सव्वानऊ वाजले होते. चांगलं लख्ख ऊन पडलं होतं.

आमचं गाव सावांग. डोंगराच्या पाठीवर वसलेलं. लाए शहरातून छोटं विमान येतं, गवताच्या धावपट्टीवर उतरतं, आणि ढग असले की न उतरताच परत जातं. त्या विमानातून पाखरं बघणारे पाहुणे येतात. त्यांना जंगलात न्यायचं काम आधी कापिनदादाचं होतं. कापिन म्हणजे सिबोंगचा थोरला भाऊ. तो गेल्यावर काम सिबोंगकडे आलं.

गेला म्हणजे... नाहीसा झाला. त्याआधी तीन वर्षं. सकाळी घरातून निघाला तो परत आलाच नाही. त्याची झोळी नदीच्या उतारापाशी सापडली. आठ दिवस आम्ही सगळे नदी धुंडाळत होतो. त्याच्या बोटातली अंगठीसुद्धा मिळाली नाही.

त्या ऑगस्टमध्ये विनीबाई आल्या. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे खराब, आयुष्यभर नर्सचं काम केलेलं. गळ्यात दुर्बीण, आणि खिशात नवऱ्याच्या अक्षरातली पाखरांची यादी. नवरा वारला होता. त्याची राहिलेली पाखरं त्या बघत फिरत होत्या.

यादीत आमच्याकडचं एकच नाव उरलं होतं.

नकल्या.

साळुंकीएवढं तपकिरी पाखरू. नराच्या डोक्यावर नारिंगी तुरा. एखादं कोवळं झाड निवडतो, त्याच्याभोवती काटक्या रचतो, खाली शेवाळाचं अंगण घालतो, अगदी सारवल्यासारखं. आणि दिवसभर तिथं बसून नकला करतो. डुकराची, कुऱ्हाडीची, रडणाऱ्या पोराची. माणसाचीसुद्धा.

"तिकडे वाट वाईट आहे मावशी," सिबोंग चुलीपाशी बसून म्हणाला. "त्यापेक्षा उद्या स्वर्गीय पक्षी दाखवतो. लांब शेपटीचा."

"तो माझ्या नवऱ्यानं, डेसनं बघितलाय. मला नकल्याच हवाय."

"गुडघे दुखतील."

"गुडघे माझे आहेत ना?"

सिबोंगची बायको एरूक रताळी उलटत होती. ती हसली. "मावशी, वाट चांगली आहे. हाच तीन वर्षं तिकडे फिरकला नाही. बायकोला भीत नाही, पण पाखराला भितो!"

सगळे हसले. सिबोंग हसला नाही.

त्याला नाही म्हणता आलं नाही. बुधवारी सकाळी दोघं निघाले.

दादानं बांधलेला आडोसा तिथं अजून होता. केवड्याच्या पानांचा, समोर दोन फटी. सिबोंगनं पडलेली पानं नीट केली. दोघं आत बसले. समोर पंधरा पावलांवर नकल्याचं अंगण.

तो आला.

विनीबाईंनी श्वास रोखला. नकल्या फांदीवर बसला, मान फुगवली आणि सुरू झाला. आधी कुऱ्हाड... खट्, खट्. मग डुक्कर. मग झोळीची चेन ओढल्याचा आवाज. मग कुणीतरी पचकन सुपारी थुंकल्याचा.

विनीबाई तोंडावर हात ठेवून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी छोटं यंत्र सुरू केलं होतं, आवाज टिपणारं.

मग नकल्या खाली उतरला. एक निळसर फळ उचललं. चोचीत धरून अंगणाच्या कडेनं नाचू लागला.

आणि मागच्या बाजूनं हाक आली.

"सिबोंग..."

सिबोंग गार पडला.

तो दादाचा आवाज होता. शेवटचं अक्षर जरा लांबवायची त्याची सवय. तीच.

"ए सिबोंग... ये ना..."

पाखरू आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. नकल्या आहे. दादा रोज इथूनच हाक मारायचा, ती हा शिकलाय. आधीपासूनच येते त्याला.

त्यानं फटीतून पाहिलं.

नकल्या अंगणात उभा होता. चोच मिटलेली. चोचीत फळ होतं.

"सिबोंग..."

नकल्यानं मान वळवली. तोही आवाजाकडेच बघत होता.

मग त्यानं फळ टाकलं... आणि उडून गेला.

त्यानंतर जंगलात काहीच वाजेना. आमच्या जंगलात असं कधी होत नाही. किडे, बेडूक, काही ना काही चालूच असतं. तेव्हा पान हललेलंही ऐकू येत नव्हतं.

विनीबाईंनी सिबोंगचं मनगट धरलं. नखं रुतली इतकं घट्ट. चेहरा राखेसारखा झाला होता.

"तुम्हालाही ऐकू आलं?" त्यानं विचारलं.

"आलं."

"मला जायला पाहिजे."

"जाऊ नकोस. मुला, मला इथं एकटी टाकून जाऊ नकोस."

पण पुन्हा हाक आली. आणि ह्या वेळी ती थकलेली होती.

सिबोंगनं हात सोडवून घेतला. बाहेर पडला आणि मोठ्यानं ओरडला, "येतोय! येतोय, दादा!"

तो एवढा का धावला, ते गावात कुणालाच माहीत नव्हतं. मला त्यानं त्याच रात्री सांगितलं.

दादा नाहीसा झाला त्याच्या आदल्या रात्री दोघांचं वाजलं होतं. "तुला तोंड आवरत नाही. पाहुण्यांसमोर पाखरं उडवतोस. तू नको येऊस," असं दादा म्हणाला होता. सिबोंग रुसला. सकाळी दादा एकटाच आडोसा दुरुस्त करायला गेला. दुपारी सिबोंग खालच्या उतारावर लाकडं तोडत होता, तेव्हा वरून हाक आली. सिबोंग... ए सिबोंग... ये ना.

नकल्या रोजच तशी हाक मारायचा. सिबोंगनं कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि ओरडला, "गप रे नकल्या! जा, दादाला सांग, मी येत नाही!"

घरी येऊन जेवला. झोपला.

दुसऱ्या दिवशी झोळी नदीवर सापडली, जाताना तिथंच राहिली असणार, पण तेव्हा सगळे नदीकडे पळाले. सिबोंगही. पाखराच्या ओरडण्याचं काय सांगायचं? पाचव्या दिवशी त्याच्या मनात पहिल्यांदा आलं... पाखरू नसलं तर? तेव्हा सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, चार दिवस काय करत होतास?

तो बोलला नाही.

आता, त्या बुधवारी, तो आवाजाच्या मागे चढत होता. तीस-चाळीस पावलं गेला असेल. समोर शेवाळ होतं, हिरवंगार, सपाट. त्यानं पाय टाकला आणि पाय मांडीपर्यंत आत गेला.

खाली जमीनच नव्हती.

तो पालथा पडला, मुळाला धरून मागे सरकला. शेवाळाचा तुकडा आत गळून गेला. किती वेळानं खाली आपटला ते त्याला कळलं नाही. आमचा डोंगर चुनखडीचा. अशी विवरं असतात. वर नेचे वाढतात, झाकून टाकतात.

"दादा!" त्यानं आत तोंड घालून हाक मारली.

काही नाही.

त्यानं नेचे बाजूला केले. ऊन तिरपं आत गेलं. मधल्या कपारीत काहीतरी अडकलं होतं. पिवळं.

गमबूट होता. दादाचा.

तो धडपडत आडोशाकडे परतला. विनीबाई आत नव्हत्या. त्या बाहेर होत्या, उलट्या दिशेला, दरीच्या बाजूला. एका झाडाला मिठी मारून उभ्या. दुर्बिणीचा पट्टा त्यांनी झाडाला आणि स्वतःच्या हाताला गुंडाळला होता, दोन-तीन वेढे देऊन.

"मावशी, हे काय?"

"सोडव," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोर घेऊन गेलो. मी शाळेत मास्तर आहे, पण गावात सगळ्यात काटकुळा मीच. विवराचं तोंड अरुंद. म्हणून मला उतरवलं.

विवर चार पुरुष खोल. खाली दादा होता. म्हणजे त्याची हाडं. उजवी मांडी मोडलेली. भिंतीवरून पाणी झिरपत होतं, त्याच्याखाली त्यानं पानांचा द्रोण करून ठेवला होता. पान सुकून दगडाला चिकटलं होतं.

आणि भिंतीवर चाकूनं ओढलेल्या रेघा.

मी मोजल्या. अकरा.

आम्ही आठव्या दिवशी शोध थांबवला होता.

ते मी सिबोंगला सांगितलं नाही. आजही त्याला ठाऊक नाही. हाडं वर आली, पाद्री आले, दादाला चर्चमागे नीट पुरलं. सिबोंग थडग्यापाशी बसून लहान पोरासारखा रडला. त्यानं सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली. दादाच्या बायकोनं खूप वेळानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "ऊठ भावोजी. हाक ऐकलीस ना शेवटी?"

मला वाटलं, संपलं.

दोन महिन्यांनी विमानातून पत्र आलं. विनीबाईंचं. सिबोंगला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवायला घेतलं. अर्ध्यावर थांबलो. बाकीचं मनातच वाचलं.

त्यांनी यंत्रातला आवाज घरी जाऊन ऐकला होता. कुऱ्हाड होती. डुक्कर होतं, चेन होती. मग सगळं शांत. मग सिबोंगचं "येतोय, दादा". मधली हाक नव्हती. एकही नव्हती.

पुढे त्यांनी लिहिलं होतं...

"तुझ्या भावाचा आवाज मी तिथं ऐकला नाही. तुझं नावही नाही. मी ऐकलं ते 'विनी'. दरीकडून. आवाज डेसचा होता. तो गेला त्या सकाळी मी व्हरांड्यात एक पाखरू बघत होते. त्यानं न्हाणीघरातून हाक मारली. मी म्हटलं, एक मिनिट. सिबोंग, मी झाडाला स्वतःला बांधलं नसतं, तर मीही गेले असते. पण तुझ्या भावानं तुला कुठं बोलावलं आणि डेस मला कुठं बोलावत होता, ते बघ. तुला विवरात, मला दरीत."

सिबोंगनं विचारलं, "काय लिहिलंय मावशीनं?"

"तुझी आठवण काढली आहे," मी म्हणालो.

आता माझं.

विवरात उतरलो होतो तेव्हा, हाडं गोणीत भरताना, मलाही हाक आली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

खालून आली. त्या विवराच्या पोटात अजून एक भोक होतं, माणूस जाईल एवढं. तिथून.

"बाबा..."

लहान मुलीचा आवाज. मी ओळखत नव्हतो. माझी तेलिता तेव्हा सात महिन्यांची होती, आईच्या झोळीत. तिला दातसुद्धा आले नव्हते. मला वाटलं, वर कुणाचं तरी पोर आलं असेल, आवाज घुमला असेल. मी दोर हलवला आणि वर आलो.

वर एकही मूल नव्हतं.

मी ते विसरूनही गेलो होतो.

तेलिता जुलैमध्ये साडेचारची झाली. परवापरवापर्यंत बोबडं बोलायची. एकदम सुधारली. एका दुपारी मी वह्या तपासत होतो. घरामागून तिनं हाक मारली. शब्द स्पष्ट, जरा रुसलेली.

"बाबा... ये ना..."

मी वही टाकून धावलो.

तोच आवाज.

तेव्हापासून तिनं हाक मारली की मी धावतो. जेवत असलो तरी, वर्ग चालू असला तरी. बायको हसते. "पोरीनं काय जादू केली आहे मास्तरांवर!" म्हणते. मी लाएला बदली मागितली आहे. अजून उत्तर नाही.

गेल्या शनिवारी मी ओट्यावरच बसलो होतो. दिवसभर. कुठं हललो नाही. तेलिता समोरच्या अंगणात खेळत होती, दहा पावलांवर.

संध्याकाळी ती फुरंगटून आत आली.

"बाबा, मी किती हाका मारल्या तुला. तू आलाच नाहीस."

मी एकही ऐकली नव्हती.